दोन स्विच आणि एक लाल चिठ्ठी

माझ्या सुनेला कारखान्यात पहिले सहा महिने कुणी नावाने हाक मारली नाही. 'मावशींची सून' एवढीच तिची ओळख. मावशी म्हणजे मी. आता उलटं झालंय. नवीन आलेली माणसं मला 'त्या मॅडमच्या सासूबाई' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडतं. पण आवडायला लागेपर्यंत मी त्या पोरीचं किती डोकं खाल्लं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी व्हायची नाही.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचांचा. दुकानांतून कॉम्प्युटरवर नंबर येतात, मशीन त्या नंबराप्रमाणे काच घासतं, आणि शेवटी ती ट्रेमध्ये बसून माझ्या टेबलावर येते. मी ती उजेडात धरते, फिरवते, यंत्राखाली नंबर बघते आणि पसंत पडली तर ट्रेमधल्या चिठ्ठीवर माझा शिक्का मारते. शिक्का नंबर चौदा. तो उठला की काच कारखान्याबाहेर गेली म्हणून समजा.

आणि काच बिघडली तर? तर तिची लाल चिठ्ठी होते. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने त्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा आणि ती जेवणाच्या खोलीच्या वाटेवर जो खिळा आहे त्याला लावायची. वर्षभर ती तिथेच लटकते. येता-जाता सगळे वाचतात. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी ही पद्धत पाडली, आणि ती अजून कुणी मोडलेली नाही. एकतीस वर्षांत चौदा नंबरची एकही लाल चिठ्ठी त्या खिळ्याला लागली नव्हती. हा टेंभा मी घरीदारी भरपूर मिरवला. सून घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, तिला पाठ झालंय आता."

ती आधी एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची. बोलायला कमी, कामाला वाघ. तिची एक खोड मात्र अशी की दिसेल त्या वस्तूला नावाची पट्टी चिकटवायची. तारेच्या या टोकाला पट्टी, त्या टोकाला पट्टी. घरी डब्यांना पट्ट्या, मिक्सरच्या वायरला पट्टी, बाल्कनीतल्या दोन सारख्या बादल्यांना पट्ट्या. मला तेवढी चिकटवायची राहिली होती. आमच्याकडचा कॉम्प्युटरवाला काम सोडून गेला तेव्हा मीच मालकांकडे तिच्यासाठी शब्द टाकला. तिला शिक्का मिळाला बावन्न नंबरचा.

आणि दोनच महिन्यांत नाक कापायची वेळ आली.

झालं असं की एके दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत सगळी मशीनं एकदम थांबली. तिन्ही हॉलमधली. काच अर्धी घासून झालेली आणि मशीन मुकं. पडद्यांवर काही येईना, दुकानांचे फोन वाजायला लागले. सून टेबलांखाली सरपटत एकेक हॉल धुंडाळत होती, आम्ही सगळ्याजणी बाहेर व्हरांड्यात उभ्या. दीड तास. शेवटी मशीनं सुरू झाली, पण त्रेचाळीस काचा वाया गेल्या. मालकांनी विचारलं, "काय झालं होतं?" ती म्हणाली, "एक तार चुकीच्या जागी होती सर. अशा वेळी बाकीचं वाचावं म्हणून राखण लावून ठेवायची असते, ती माझ्याकडून राहिली. चूक माझी." आणि सरळ जाऊन तिने लाल चिठ्ठीवर बावन्नचा शिक्का मारला.

त्रेचाळीस काचांची लाल चिठ्ठी! एवढी मोठी चिठ्ठी त्या खिळ्याने पाहिली नव्हती. मी त्या चिठ्ठीशेजारून जाताना मान वळवायची. घरी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते न बोलले असते तर बरं झालं असतं. "एकतीस वर्षं मी त्या खिळ्यापासून लांब राहिले, तू दोन महिन्यांत पोचलीस," म्हटलं. ती भांडी पुसत होती. नुसतं "हो आई" म्हणाली आणि पुढचं भांडं घेतलं.

पुढे कारखाना वाढला. सहा मशीनांची वीस झाली. अंगणापलीकडे नवा हॉल उभा राहिला. आणि मग सुरू झालं त्या मधल्या स्विचचं प्रकरण. मला तोवर स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण. सुनेने समजावलं, तसं सांगते. प्रत्येक टेबलापाशी, प्रत्येक हॉलमध्ये एकेक डबी असते, तिच्यात तिथल्या कॉम्प्युटरच्या आणि मशीनच्या तारा येतात. त्या सगळ्या डब्यांच्या तारा पुढे एका मोठ्या डबीत जातात, तो मधला स्विच. दुकानातून आलेला नंबर मशीनपर्यंत पोचतो तो त्याच्यातूनच. तो बसला की अख्खा कारखाना बसला. आमचा जुना स्विच एका हॉलपुरता घेतलेला, त्याची सगळी भोकं भरलेली. नवा कुठला घ्यायचा ते तीन आठवड्यांत सांग, असं मालकांनी तिला सांगितलं.

तीन आठवडे ती वही घेऊन फिरली. किती डब्या, किती तारा, नव्या हॉलमध्ये किती वाढतील, सगळं लिहिलं. सर्वांत जास्त गर्दी कधी होते, तर सकाळी अकराला, दुकानं उघडल्यावर, हेही पंधरा दिवस मोजलं. ज्या खोलीत तो ठेवायचा तिथे दिवसातून चारदा जाऊन गरमी किती ते बघितलं. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "आई, तुमच्याकडे नंबर यायचे थांबले तर तुम्ही किती वेळ काम करू शकाल?" सगळ्याजणी खुदकन हसल्या, कारण कारखान्यात तिनेही मला मावशीच म्हणायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, "दहा मिनिटं. नंतर भजन करत बसू." तिने वहीत दहा मिनिटं लिहिलं.

मग तो विक्रेता आला. चकचकीत बूट, तोंडात साखर. त्याने मालकांना एका भल्यामोठ्या स्विचचं चित्र दाखवलं. कपाटाएवढा. "एकदा घ्या सर, दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. मालक खूश. त्यांना तो दारातच काचेच्या खोलीत ठेवायचा होता, मोठ्या दुकानांचे लोक येतात त्यांना दिसावा म्हणून. प्रत्येक हॉलमधलं एक जुनं माणूस मालकांनी बैठकीला बोलावलं होतं, त्यात मी होते.

सून वही उघडून म्हणाली, "सर, आपल्या सर्वांत गर्दीच्या वेळीसुद्धा याचा दहावा हिस्साही लागत नाही. आपल्याला मोठा नको, न थांबणारा हवा. त्यापेक्षा दोन मध्यम घेऊ. दोघं मिळून एकासारखे चालतील. प्रत्येक हॉलमधून एक तार याला, एक त्याला. एक मेला तरी दुसरा काम ओढेल."

विक्रेता हसला. "मॅडम, हा मरतच नाही."

"आणि मेला तर?"

"चार तासांत आमचा माणूस दारात."

"माणूस की स्विच?"

तो म्हणाला, स्विच यायला दोन दिवस लागतील. तिने वहीचं पान उलटलं. या बयेने त्यांच्या मदतीच्या नंबरवर साधं गिऱ्हाईक बनून आठ वेळा फोन केला होता, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. कोण किती मिनिटांनी बोललं ते सगळं लिहिलेलं. एकदा पन्नास मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं होतं. शिवाय हेच यंत्र वापरणाऱ्या तीन ठिकाणी तिने चौकशी केली होती. तिघांनीही सांगितलं की त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये सुधारणा करायची म्हणजे सगळं बंद ठेवावं लागतं.

मालकांचा चेहरा पडला. कपाट हातचं जात होतं ना! त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय कळत होतं त्यातलं? काही नाही. पण विचारलं की बोलायचं, हा माझा स्वभाव. म्हटलं, "मोठंच घ्या. गेल्या वर्षीसारखी फजिती पुन्हा नको."

सुनेने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वहीत घातली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. त्या नजरेत राग नव्हता, आणि काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

पण ती हटली नाही. "सर, निवड माझ्यावर सोपवलीत तर मी दोनच घेणार."

मालक चिडले. "ठीक आहे. घ्या तुमचे दोन. पण एकदा जरी त्यापायी मशीनं थांबली, तर कॉम्प्युटरचं सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही बिलांच्या टेबलावर बसाल. गेल्या वर्षीची चिठ्ठी अजून खिळ्यावर आहे, विसरू नका."

संध्याकाळी घरी मी तिच्यावर घसरले. "मालकांपुढे एवढा हट्ट कशाला? हातातलं काम घालवून बसशील. नवऱ्याने सांगितलं तरी ऐकायचं नाही, सासूने सांगितलं तरी नाही!" माझा मुलगा म्हणाला, "मला यात ओढू नका," आणि पेपर डोळ्यांपुढे धरला.

सून शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही काच पसंत करता ती मोठी आहे म्हणून करता का?"

"काहीतरीच काय! नंबर बरोबर आहे का ते बघते."

"मीही तेच बघतेय."

मी भाजी जरा जोरातच ढवळली.

महिन्याभरात दोन्ही स्विच आले. काय ते रूप! हातभर लांब, वीतभरही उंच नाहीत, फळीवर ठेवले तर कुणाला दिसणारही नाहीत. मालकांनी बघितलं आणि पाठ फिरवली. सुनेने आठवडाभर खपून तारा ओढल्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या लावल्या. मग तिने मालकांना सांगितलं, "बुधवारी अकराला परीक्षा घेऊ."

"अकराला? ऐन गर्दीत? सुट्टीच्या दिवशी घ्या की."

"सुट्टीच्या दिवशी चालला तर काय उपयोग सर? काचा सुट्टीच्या दिवशी घासतो का आपण?"

बुधवारी मी टेबल सोडून त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिच्यावर कितीही करवादले तरी ती माझी सून, आणि तिचं बिलांच्या टेबलावर बसलेलं रूप मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. वीसच्या वीस मशीनं चालू होती. सून मालकांना म्हणाली, "यातला कुठला बंद करू? तुम्हीच सांगा." मालकांनी वरच्याकडे बोट केलं. तिने हात घातला आणि त्याच्या विजेच्या दोन्ही वायरी खस्सकन उपटल्या.

मी कान टवकारले. मशीनचा आवाज मला झोपेतही कळतो. जराही खाली आला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. तिन्ही हॉल आणि पलीकडचा नवा हॉल, सगळं जसंच्या तसं चालू. मालक धावत जाऊन पडदे बघून आले. "नंबर येताहेत," म्हणाले, जणू चूक झाल्यासारखे. वाह रे माझी पोर! मी मनात म्हटलं, मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणायची सवय नव्हती ना.

"अजून एक परीक्षा आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी जे झालं तेच मुद्दाम करून दाखवते. पॅकिंगमध्ये चला."

मालक म्हणाले, "पॅकिंगमध्ये कशाला? इथे जवळच तपासणीचा हॉल आहे. मावशींच्या टेबलावर करा."

"तिथे नको सर."

"का?"

"नको. पॅकिंग बरं."

मालकांना संशय आला. आणि मला आला राग. "माझ्या टेबलाला काय झालंय गं? तिथेच कर!" मी म्हटलं आणि पुढे होऊन सगळ्यांना घेऊन गेले.

तिने एकदा खाली बघितलं, मग माझ्या टेबलाशी वाकली. टेबलाच्या कडेला आमची छोटी डबी आहे. तिने एक तार घेतली, एक टोक डबीत खोचलं, दुसरं टोकही त्याच डबीच्या शेजारच्या भोकात खोचलं. "ही तार अशी लागली की निरोप आत आत फिरत राहतात, वाढत जातात आणि सगळं गुदमरतं," ती म्हणाली. माझ्या टेबलावरचे दोन कॉम्प्युटर गप्प झाले. बस, तेवढेच. शेजारच्या टेबलावरचा चालू, मशीनं चालू. "आता राखण आहे. ती फक्त ही एक डबी तोडते. बाकी कुणाला कळतही नाही."

मालक खूश होऊन हसले. "पण असं करेल कोण हो? तारेची दोन्ही टोकं एकाच डबीत?"

"कुणीही करेल सर," ती हळूच म्हणाली. "नीटनेटका माणूस असेल तर आधी करेल."

मी टेबलाच्या कडेला बघितलं.

तपासणीच्या टेबलावर काही लोंबकळता कामा नये, हा आमचा नियम. लोंबणारी वस्तू काचेला लागली की ओरखडा. गेल्या वर्षी एक कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला होता आणि डबीतून निघालेली त्याची तार टेबलाच्या कडेला लोंबत होती. चहाला उठता उठता मी ती उचलली. शेजारी डबीत एक भोक रिकामं होतं. त्यात ते टोक खोचलं, टेबलावरून फडकं फिरवलं आणि चहाला गेले. परत आले तेव्हा मशीनं बंद होती. ते मला आत्तापर्यंत आठवलंही नव्हतं. आठवण्यासारखं काय होतं त्यात? मी तर टेबल आवरलं होतं.

"गेल्या वर्षी ती तार तुला कुठे सापडली होती?" मी विचारलं.

"मावशी, जाऊ द्या ना."

"कुठे सापडली होती?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, नको ना."

भर हॉलमध्ये आई म्हणाली, पण या वेळी कुणी हसलं नाही. मी खुर्चीवर बसले. अकरा महिने! अकरा महिने ही पोर माझी चिठ्ठी आपल्या नावाने मिरवत होती, माझी टोचणी ऐकत होती, हो आई म्हणत होती. मी बैठकीत तिच्या तोंडावर फजितीची आठवण काढली तेव्हाही तिने तोंड उघडलं नाही. एक वाक्य बोलली असती तर मालकांनी तिला बिलांच्या टेबलाची धमकी दिली नसती. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्हींपैकी आधी कशाने रडू आलं ते सांगता येणार नाही.

"मालक," मी म्हटलं, "ती तार मी खोचली होती. याच डबीत. याच हाताने."

"पण राखण लावायची माझी राहिली होती," सून घाईघाईने म्हणाली. "ती चूक माझीच."

"ती तुझी. ती तुझ्याकडेच राहू दे, मी कोण घेणारी? पण हात माझा होता."

मी खणातून माझा शिक्का काढला आणि खिळ्यापाशी गेले. सगळा हॉल मागोमाग. त्रेचाळीस काचांची चिठ्ठी काढली, जवळच्या टेबलावर ठेवली आणि बावन्नच्या शेजारी चौदा उठवला. चांगला दाबून. मालक म्हणाले, "मावशी, महिन्याभरात ती निघणारच आहे. कशाला उगीच?" मी म्हटलं, "वर्ष आजपासून धरायचं." आणि माझ्या हाताने ती परत खिळ्याला लावली.

मालकांनी दोन्ही शिक्के वाचले. मग सुनेला म्हणाले, "मॅडम, बिलांच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बघतो मी. नव्या हॉलमधलं जे काही घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त सांगा." त्यांनी तिला मॅडम म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

ते दोन स्विच आता आतल्या खोलीत फळीवर आहेत. बघायला कुणी जात नाही. मोठ्या दुकानांचे लोक येतात, चहा पितात, जातात. मशीनं मात्र त्या दिवसापासून एकदाही थांबलेली नाहीत.

तपासणीला नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना काच कशी धरायची ते शिकवते आणि मग खिळ्यापाशी नेते. एखादी धीट मुलगी विचारतेच, "मावशी, एवढी मोठी चूक कुणाची?" मी चिठ्ठी सरळ करून दाखवते. "हा चौदा माझा," म्हणते. "आणि हा बावन्न माझ्या सुनेचा. माझ्यासाठी अकरा महिने एकटीने सांभाळलेला."